मदत हवी आहे: घरच्या बीअरचं आंबणं घनता 1.020 वर असताना अडकलं, पुन्हा चालू कशी करू?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे स्वतःपुरती बीअर घरी करायला परवाना लागत नाही.

19 लिटर पेल एल (फिकट रंगाची बीअर) लावली आहे: 3 किलो पातळ माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीचा घट्ट पाक), 200 ग्रॅम क्रिस्टल माल्ट (भाजलेली गोडसर बार्ली), यूएस-05 यीस्टचं 11.5 ग्रॅमचं पाकीट. सुरुवातीची घनता 1.048. यीस्ट साखर खाईल तशी ती 1.011 च्या आसपास उतरायला हवी, पण आठवडाभर आकडा 1.020 वरून हललेला नाही. थंडीच्या लाटेत डब्याचं तापमान रात्री 13 अंशांपर्यंत गेलं होतं, तेव्हाच यीस्ट तळाशी बसलं असणार.

हायड्रोमीटर (घनता मोजायची काचेची नळी) 20 अंशांच्या साध्या पाण्यात तपासला, बरोबर 1.000 दाखवतो. नमुन्यातला गॅस काढूनच मोजतोय. एअरलॉकचे (झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीचे) बुडबुडे मी धरत नाही, नुसतं तापमान वाढलं तरी ते येतात. हीटिंग बेल्टने डबा 21 अंशांवर आणला, झाकण न उघडता हलकेच फिरवून गाळ वर आणला. फरक नाही.

200 मिली बीअर वेगळी काढून त्यात भरपूर कोरडं यीस्ट घातलं आणि 25 अंशांवर ठेवली; ती 1.012 वर आली. म्हणजे आंबण्याजोगी साखर अजून शिल्लक आहे. अशी बीअर बाटल्यांत भरली तर काचा फुटतील, आणि केग (दाब सहन करणारं धातूचं पिंप) माझ्याकडे नाही.

नवीन यीस्ट कोरडंच टाकू, की आधी स्टार्टर करून (थोड्या माल्टच्या पाण्यात यीस्ट वाढवून) ते जोरात फसफसत असताना ओतू? 19 लिटरला स्टार्टर किती लागेल? आता ढवळून हवा दिली तर बीअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येईल का?