ऑल-इन-वन संगणक अर्ध्या तासात बंद पडतो

प्रश्न: माझ्या सहा वर्षे जुन्या ऑल-इन-वन (पडद्यामागेच सगळे भाग बसवलेल्या) संगणकाचा पंखा थोड्याच वेळात घोंघावू लागतो आणि अर्ध्या तासात संगणक आपोआप बंद पडतो, शिवाय रात्री भिंतीवरचे बटण बंद केले की सकाळी तारीख चुकलेली असते. दुरुस्तीवाल्यांनी यंत्र न उघडताच मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलण्यास सांगितले आहे. हा खर्च आवश्यक आहे का?

उत्तर १: मुळीच घाई करू नये. हे दोन स्वतंत्र दोष दिसतात. तारीख चुकते ती बहुधा मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी संपल्यामुळे. ती अगदी स्वस्तात मिळते. तापण्यामागे मात्र धूळ असावी, कारण या यंत्रांत लॅपटॉपसारखा चपटा पंखा पडद्यामागेच बसवलेला असतो आणि हीट सिंकच्या (उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर धुळीचा थर साचला की गरम हवेला वाट राहत नाही. ही धूळ उडवायला ब्लोअर मारताना पंखा काडीने अडवून धरावा.

उत्तर २: प्लग काढून, पडदा जाड टॉवेलवर पालथा ठेवूनच झाकण उघडावे. वीजपुरवठ्याचा बंद डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो.

प्रश्नकर्ता: आज झाकण उघडले, तेव्हा पात्यांवरून गोधडीच्या कापसासारखी धुळीची अखंड पट्टी निघाली. बॅटरीही बदलली असून, संगणक दुपारपासून विनातक्रार सुरू आहे.