भाच्याला जहाजावर जायचंय, एजंट चार लाख मागतोय. द्यावेत का?

गुहागरकर:
नमस्कार मंडळी. भाचा बारावी सायन्स झालाय, वाडीतली दोघंतिघं पोरं मर्चंट नेव्हीत आहेत त्यांची घरं बघून ह्यालाही तेच करायचंय. एक एजंट भेटलाय, म्हणतो कोर्सबिर्स काही नको, चार लाख टाका, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) काढून देतो, दोन महिन्यांत दुबईहून जॉइनिंग. ताई दागिने मोडायला निघालीये. जहाजावर काम केलेलं कोणी असेल तर सांगा, आणि मुळात काम काय असतं तेही सांगा, ह्याला वाटतंय डेकवर उभं राहून रील्स बनवायच्या.

बोसनकाका:
एक रुपया देऊ नका. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणंच बेकायदेशीर आहे, आपला खर्च म्हणजे पासपोर्ट, मेडिकल, सीडीसी, बस. दुबईहून जॉइनिंग म्हणजे बहुतेक वेळा व्हिजिट व्हिसावर नेऊन आखातातल्या एखाद्या खटारा बोटीवर चढवतात, सीडीसी भलत्याच देशाची, पगार लटकतो, मालक फोन उचलत नाही आणि पोरगं अँकरेजला, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकलेल्या बोटीवर, अडकतं. कोकणातली कितीतरी घरं पोळलीत ह्यात.
सरळ रस्ता जीपी रेटिंगचा, म्हणजे डेक आणि इंजिन दोन्हीकडचा साधा खलाशी. डीजी शिपिंगची (केंद्र सरकारचं जहाजवाहतूक खातं) मान्यता असलेल्या संस्थेत सहा महिने राहून कोर्स, मग एक्झिट परीक्षा, सीडीसी, आणि नोकरी फक्त आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) लायसन्सवाल्या कंपनीतून. यादी डीजी शिपिंगच्या साइटवर आहे. फी तिथेही लाखांत आहे पण निदान कागद खरे.
काम विचाराल तर गंज. चिपिंग करा, म्हणजे ठोकून गंज काढा, रंग मारा, तोवर मागे परत गंज. बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणारं जहाज) कोळसा उतरवला आणि पुढचा माल गहू असला की वाटेतच होल्ड (माल भरायची कोठारं) धुवायचे, आधी खाऱ्या पाण्याच्या जेटने, मग गोड्या पाण्याने, फ्रेमच्या मागे अडकलेला कोळसा खरवडून बादलीने वर ओढायचा. बंदरात सर्व्हेअर टॉर्च घेऊन उतरतो, गंजाचे सुटे पापुद्रे नाहीतर कोळशाचा चुरा दिसला की होल्ड नापास, पुन्हा खाली उतरा.

लॅशिंगवाला:
मी न्हावाशेवाला लॅशिंगला आहे, म्हणजे जहाजावरचे कंटेनर बांधायचं-सोडायचं काम. कंटेनर जहाज एक-दीड दिवसात सुटतं. मागे गँगवेवर (जहाजाच्या शिडीवर) खेडचा एक पोरगा ड्युटीला होता, घर रस्त्याने पाचसहा तासांवर पण खाली उतरायचीही फुरसत नाही, त्याच दिवशी बंकर (जहाजाचं इंधन), स्टोअर, प्रोव्हिजन सगळं. मला म्हणाला दादा रिचार्ज तेवढं मारून दे, आईला व्हिडिओ कॉल करतो.

थर्ड_इंजिनिअर:
काका सगळं बरोबर, पण बारावी सायन्स आहे तर रेटिंगच का? पीसीएम ६० टक्के आणि इंग्रजी ५० असेल तर आयएमयू सीईटी (मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा) देऊ दे, ऑफिसर लाइनला जाईल. रेटिंगवरून ऑफिसर होता येतं पण वर्षं जातात. फक्त डीएनएसला (डेक ऑफिसरचा एक वर्षाचा डिप्लोमा) कंपनीची स्पॉन्सरशिप आधी बघा, नाहीतर कोर्स करून ट्रेनिंगचं जहाज मिळेना म्हणून घरी बसलेले कॅडेट ढीगभर आहेत. आणि २४ तासांत १० तास विश्रांतीचा नियम आहे म्हणून खूश होऊ नका, बंदरात तो तासांच्या नोंदीच्या शीटवर जास्त आणि बंकवर (झोपायच्या बिछान्यावर) कमी असतो.

गुहागरकर:
पीसीएम ५४ आहे हो, म्हणजे रेटिंगच. आणि एजंटला आरपीएसएल नंबर विचारला तर म्हणे ऑफिसात आहे, आज पन्नास हजार टोकन टाका नाहीतर सीट जाईल.

बोसनकाका:
ऑफिसात राहू दे त्याचा नंबर. कोर्सची फी भरायच्या आधी डीजी मान्यताप्राप्त डॉक्टरकडे मेडिकल करून घ्या. रंगांधळेपणा अजिबात चालत नाही, रात्री लाल-हिरवे दिवे ओळखायचे असतात. चष्मा आहे का त्याला?

गुहागरकर:
चष्मा नाही. सोमवारी नेतो.