"पुन्हा कंपाइल करतील" म्हणे! कोण करणार?

कोथरूडचा_सीवाला:
काल इथे एकाने टाकलं की पायथनने रेफरन्स काउंटिंग (ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे ते मोजायचं, काउंट शून्य झाला की मेमरी सोडायची) फेकून जावासारखा ट्रेसिंग जीसी (काउंट न ठेवता, कुठूनच न पोचता येणारे ऑब्जेक्ट शोधून झाडणारा गार्बेज कलेक्टर) आणावा, सी एक्स्टेन्शन (सीमध्ये लिहून कंपाइल केलेली पायथनची मॉड्यूल्स) तुटली तर लोक पुन्हा कंपाइल करतील. अरे बाबा, काउंट वाढवणारे-घटवणारे इन्क्रेफ-डेक्रेफ हे मॅक्रो होते, ते कंपाइल होतानाच लोकांच्या बायनरीत छापले गेलेत, इंटरप्रिटरला न विचारता थेट ऑब्जेक्टच्या हेडरमधला आकडा हलवतात. पायथन ३.१२ मध्ये नन (None) वगैरे ऑब्जेक्ट अमर केले, म्हणजे कधीच न सुटणारे, तेव्हा त्यांचा काउंट मुद्दाम प्रचंड ठेवावा लागला, का तर जुन्या एबीआय३ बायनरी (एकदा बांधून पुढच्या पायथनवरही चालाव्यात अशा) तो आंधळेपणाने कमी-जास्त करणारच होत्या.

खराडी_नाइटशिफ्ट:
मीच टाकलं होतं. आणि हा काउंटच जीआयएलच्या (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणाऱ्या कुलुपाच्या) मुळाशी आहे. २०१६ मध्ये पायथनच्याच टीममधल्या लॅरी हेस्टिंग्जने गिलेक्टॉमी नावाच्या प्रयोगात जीआयएल काढून बघितला तर काउंट सांभाळण्यातच सगळा वेग गेला. वर फोर्क केलं (चालू प्रोसेसची प्रत काढली) की नुसतं वाचलं तरी काउंट लिहिला जातो आणि मेमरी पेजची कॉपी होते. किती वर्षं सहन करायचं?

चाकण_एमआयडीसी:
आमच्या लाइनवर कॅमेऱ्याने पार्ट तपासतो, त्याची लायब्ररी पायथन ३.७ साठी बांधलेली, सोर्स नाही, व्हेंडरने धंदा बंद केला. मशीन अपग्रेड झालं आणि इम्पोर्टच होईना. शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत प्लँटवर होतो, शेवटी जुना पायथन कंटेनरमध्ये कोंडून सॉकेटवरून बोलतोय त्याच्याशी. मला सांग, कोणाला सांगू पुन्हा कंपाइल कर म्हणून?

खराडी_नाइटशिफ्ट:
करारात सोर्स मागितला नाहीत ही तुमची चूक, त्याचं ओझं भाषेने का वाहायचं?

चाकण_एमआयडीसी:
करार परचेसवाले करतात, मी नाही! सगळ्यात कमी कोटेशन घेतात आणि मोकळे होतात, निस्तरायला आम्ही.

हिंजवडी_फेज२:
परचेसचं खरंय हो, आमच्याकडे लायसन्स डोंगलसकट हरवलं होतं, तीन महिने भांडण चाललं.

कोथरूडचा_सीवाला:
परचेस राहू दे. पायपायमध्ये, म्हणजे पायथनच्या दुसऱ्या इंटरप्रिटरमध्ये, ट्रेसिंग जीसीच आहे ना? मग सी एक्स्टेन्शन तिथे सीपायएक्स्ट या जोडथरामधून जाताना एवढी मंद का होतात? कारण तिथेही काउंटचं सोंग आणावं लागतं.
एक मात्र मान्य करावं लागतंय. २०२४ च्या ३.१३ मधल्या जीआयएलविना बिल्डमध्ये हेडरच बदललं, स्वतःच्या थ्रेडचा काउंट वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा, त्यामुळे एबीआय३ वाली व्हील (तयार बांधलेली पॅकेज) त्यावर चालतच नाहीत. म्हणजे एबीआय (तयार बायनरी जुळण्याची हमी) तोडला. पण वेगळं बिल्ड ठेवून, जुनं तसंच चालू ठेवून तोडला.

खराडी_नाइटशिफ्ट:
ठीक आहे, "पुन्हा कंपाइल करतील" हे वाक्य मागे घेतो. जीसीचं नाही घेत.