बाबांच्या वहीतला 'सोबत' हा रकाना: तुमचे वर्ष कोणासोबत वाचण्या-ऐकण्यात गेले? (लिहिणाऱ्यांच्या नावांऐवजी नागपुरातल्या जागांची नावे दिली आहेत.)

लक्ष्मीनगर
बाबांना जाऊन सात वर्षे झाली. मागच्या डिसेंबरात माळा आवरताना जुन्या गाद्यांखाली त्यांची लाल पुठ्ठ्याची एक वही सापडली आणि आवरण्याचे काम तिथेच थांबले. १९७९ या एका वर्षात वाचलेले प्रत्येक पुस्तक, पाहिलेला प्रत्येक चित्रपट आणि रेडिओवर ऐकलेली प्रत्येक श्रुतिका त्यांनी तीत तारीखवार लिहिली आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले आणि बाबांचा जन्मही त्याच महिन्यातला, त्यामुळे त्या केंद्राविषयी ते सख्ख्या भावाविषयी बोलावे तसे बोलत. अभिप्राय बहुतेक ठिकाणी एका ओळीचा आहे. परंतु शेवटच्या रकान्यात न चुकता 'सोबत' असे लिहून पुढे नाव घातले आहे. 'सोबत दादा', 'सोबत ऑफिसातली मंडळी', क्वचित 'एकटाच'. २२ एप्रिलच्या रात्रीच्या खेळापुढे लिहिले आहे, 'सोबत सौ. आणि बेबी. बेबी मध्यंतरापूर्वीच झोपली.' ती बेबी म्हणजे मी. चित्रपट मला मुळीच आठवत नाही, पण रिक्षात बाबांच्या खांद्यावर डोके टाकून घरी येताना त्यांच्या सदऱ्याला येणारा वास मात्र वही उघडताच आठवला.

म्हणून १ जानेवारीपासून मीही तशीच वही लिहू लागले. आजवर तेवीस पुस्तके, अकरा चित्रपट, चार नाटके आणि दोन मालिका झाल्या; पॉडकास्ट मोजणे मार्चमध्येच सोडून दिले. पण मार्चअखेर पाने उलटून पाहिली तेव्हा 'सोबत'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'एकटीच' असे लिहिलेले होते, आणि त्याचे मला फार वाईट वाटले. घरात पाच माणसे आहेत आणि प्रत्येकाच्या कानात वेगळे काहीतरी चालू असते.

एप्रिलपासून दुपारी कूलरसमोर बसून सासूबाईंसोबत मोठ्याने ऐकायचे ठरवले. त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांचे माहेर नागपुरातल्या महाल या वस्तीतले. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईवरचा पॉडकास्टचा एक भाग चालू होता. २६ आणि २७ नोव्हेंबर हे दोन दिवस, अप्पासाहेब भोसल्यांची फौज, कंपनीची पलटण, आणि धाकटी टेकडी भोसल्यांच्या अरब शिपायांनी घेऊन पुन्हा गमावली तो प्रसंग. सासूबाईंनी हातातली गवाराची शेंग खाली ठेवली आणि म्हणाल्या, "एवढे वर्षं या टेकडीखालून भाजी आणली, पण वर काय झालं ते मला कोणी सांगितलंच नाही." त्या टेकडीवरचा किल्ला सर्वांसाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडा असतो. त्यांपैकी १५ ऑगस्टला आम्ही दोघी अर्ध्या वाटेत दोनदा बसून वर गेलो. वहीत त्या दिवसापुढे पुस्तकही नाही आणि चित्रपटही नाही, तरी मी ती नोंद केली आहे.

तुमचे वर्ष कसे गेले, आणि कोणासोबत गेले, ते कृपया लिहा.

हिंगणा मार्ग
माझी पाळी सकाळची असते आणि राहणे नंदनवनला, त्यामुळे रोज मेट्रोने लोकमान्यनगरपर्यंत जातो. जाताना चाळीस मिनिटे आणि येताना चाळीस मिनिटे, एवढाच माझा वाचनाचा वेळ आहे आणि तोही ऐकण्याचा. यंदा मी कादंबऱ्या बाजूला ठेवून लीळाचरित्र या मराठीतल्या आद्य गद्यग्रंथावरची व्याख्याने ऐकली, कारण तो जिथे लिहिला गेला त्या रिद्धपूरजवळचे माझे आजोळ आहे आणि लहानपणी तिथल्या मठांच्या अंगणात खेळूनही त्या गावाचे मराठीतले स्थान मला ठाऊक नव्हते. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर निघून गेल्यावर म्हाइंभटांनी एकेका अनुयायाकडे जाऊन त्याला आठवणारी लीळा विचारून घेतली, कोणी काय पाहिले आणि कोणी काय ऐकले ते पारखून लिहिले, हे ऐकत असताना सुभाषनगर गेले, रचना गेले आणि गाडी शेवटच्या स्थानकावर येऊन रिकामी झाली तरी मी बसूनच होतो. सुरक्षारक्षकाने खांद्याला हात लावून उठवले. त्याने विचारले म्हणून ऐकत होतो ते सांगितले, आणि आता तो रोज विचारतो, "भाऊ, पुढे काय झालं?" ताई, तुमच्या वहीच्या हिशेबाने माझी सोबत तीच.

टिमकी
मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर वाचायचे नव्हते. नातू वाचून दाखवतो म्हणाला. तो इंग्रजी शाळेत जातो, त्यामुळे जोडाक्षरांवर अडखळतो. आम्ही 'किशोर'चे जुने अंक महाजालावर उघडले. ते मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले आणि त्यातले काही अंक मी माझ्या मुलांना वाचून दाखवले होते. महिन्याच्या शेवटी त्याचे अडखळणे कमी झाले आणि मला चष्मा मिळाला, तरी वाचून तोच दाखवतो.

लक्ष्मीनगर
काकाजी, डोळ्यांना जपा. कूलरचा वारा थेट डोळ्यांवर घेऊ नका, एवढे सासूबाईंनी मुद्दाम कळवायला सांगितले आहे.

इंदोरा
मी सहसा लिहीत नाही, पण वहीतला तो रकाना वाचून आईविषयी लिहावेसे वाटले.

आमच्याकडे वाचनाचे वर्ष जानेवारीला सुरू होत नाही, ते आषाढी पौर्णिमेला सुरू होते. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली तो प्रकाशित झाला, आणि आमच्या वस्तीतल्या किती तरी घरांत तोच पहिला ग्रंथ होता. आई लग्नानंतर तीस वर्षे तो नुसता ऐकत आली, कारण लग्न झाले तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. माझी धाकटी बहीण शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्या पाटीवरून आई अक्षरे शिकली. पण चारचौघांत वाचण्याचे धाडस तिला कधी झाले नव्हते. यंदा श्रावणातल्या एका संध्याकाळी नेहमी वाचणाऱ्या बाई आजारी पडल्या आणि त्यांनी ग्रंथ आईच्या हाती पाठवला. तिने दीड पान वाचले. बोट ओळीखाली ठेवून, प्रत्येक शब्द सुटा करून वाचले, आणि त्या दीड पानाला अर्धा तास लागला. विहारात पन्नास माणसे होती, पाऊस पत्र्यावर वाजत होता, आणि एकही माणूस जागचा हलला नाही. मी मागे दाराशी उभा होतो आणि मला तिच्याकडे बघवत नव्हते.

त्यानंतर अशोक विजयादशमीला आम्ही नेहमीप्रमाणे दीक्षाभूमीवर गेलो. ज्यांनी तो दिवस पाहिला नाही त्यांना सांगतो, की १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ लाखो माणसे येतात, रात्री पदपथावर निजतात, घरून बांधून आणलेली भाकर खातात, आणि परत जाताना त्यांच्या पिशव्यांमध्ये पुस्तके असतात. पुस्तकांच्या दुकानांपुढे इतकी गर्दी मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही. दरवर्षी पुस्तक मी निवडत असे आणि आई पैसे देत असे. यंदा तिने दुकानदाराला स्वतः विचारले, "मोठ्या अक्षरांचं कोणतं आहे?"

ती आता रोज दोन पाने वाचते. मी ऐकतो.

मनीषनगर
दादा, तुमचा प्रतिसाद मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचला आणि थोडा वेळ वर जाऊ शकले नाही. आईंना माझा जयभीम सांगा.

माझे वर्ष निराळे गेले. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत यजमान रुग्णालयात होते आणि रात्री खाटेशेजारच्या बाकावर मी मालिका पाहत असे. कोणती पाहिली, तिच्यात काय घडले, हे आज विचारले तर सांगता येणार नाही. आवाज बंद ठेवून केवळ खालची अक्षरे वाचत होते. पण पलीकडच्या खाटेवरच्या आजींची मुलगी एका रात्री शेजारी येऊन बसली आणि मग आम्ही दोघींनी मिळून त्या एका लहान पडद्यावर उरलेले भाग पाहिले. त्या आजी गेल्या. यजमान घरी आले. ती मुलगी अजून फोन करते.

लक्ष्मीनगर
ताई, एवढ्या कष्टाच्या काळातले तुम्ही लिहिलेत, याबद्दल तुमची ऋणी आहे. यजमानांना आराम पडो.

सक्करदरा
चित्रपटगृहात यंदा एकदाही गेलो नाही, पण झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याची, सात नाटके पाहिली, आणि तीही रात्रभर बसून. सासुरवाडी ब्रह्मपुरीजवळ आहे. दिवाळी आटोपली, धान घरात आले, की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत होते आणि रात्री नाटक असते. वडसा हे त्या सगळ्या नाट्यमंडळांचे केंद्र आहे. दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडा आरवेपर्यंत ऑर्गन वाजत असतो. पाहुणे मुद्दाम नाटकासाठी येतात, मुलीचे स्थळ ठरवण्याची बोलणीही तिथेच होतात. मला स्वतःला शहरातल्या दोन तासांच्या नाटकापेक्षा हा प्रकार अधिक आवडतो, कारण शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला पुढचे वाक्य पाठ असते आणि तरीही तो रडतो.

टिमकी
वडसा म्हटल्यावर जुनी नागभीडची छोटी गाडी आठवली. इतवारीहून निघायची आणि उमरेडवरून रमतगमत जायची. २०१९ साली रुळांच्या रुंदीकरणासाठी ती बंद झाली. मी नाटकाला त्याच गाडीने जात असे आणि डब्यातच नाटकातली पदे म्हणणारे कोणीतरी भेटत असे.

सक्करदरा
काकाजी, आम्हीही त्याच गाडीने जात होतो. ती बंद झाल्यापासून उमरेड, भिवापूर, नागभीड असे रस्त्याने जातो.

लक्ष्मीनगर
सासूबाईंनी झाडीपट्टीचे नाटक कधी पाहिलेले नाही आणि हे वाचून दाखवल्यापासून त्या विचारत आहेत. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला रात्रभर बसवेल का? आणि तिकिटे आधी काढावी लागतात का?

सक्करदरा
अवश्य घेऊन या, ताई. संक्रांतीनंतर आमच्या गावी नाटक आहे आणि तिकीट दारावर मिळते. थंडी फार असते, म्हणून कानटोपी आणि दोन घोंगड्या सोबत असू द्या. खुर्ची आम्ही घरून नेऊ, आणि मध्येच झोप आली तर घर मैदानाला लागूनच आहे, तिथून संवाद स्पष्ट ऐकू येतात. काकाजी, तुम्ही आणि नातूही आमच्याच मोटारीने या. तिच्यात दोन जागा रिकाम्या आहेत.