एआर स्पीकरांची घसरलेली पत: दोष कुणाचा?

मंद्रसप्तक:
अकूस्टिक रिसर्च, म्हणजे एआर, या अमेरिकी कंपनीचे जुने स्पीकर झाकोळलेले वाजतात, असा शेरा हल्ली सर्रास मारला जातो आणि तो मला अन्यायाचा वाटतो. एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये ही कंपनी काढली. व्हिल्चर यांनी वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या भागाच्या, हलणाऱ्या पडद्याची कडक पकड सैल केली आणि बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. त्यामुळे कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज टेबलावर मावणाऱ्या पेटीतून, तोही कमी विकृतीने, ऐकू येऊ लागला. पुढे फाइन आर्ट्स क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीच्या जाहीर कार्यक्रमांत वादक मध्येच नुसता वाजवण्याचा अभिनय करीत आणि आवाज १९५८ च्या एआर-३ या स्पीकरमधून येई. अनेक श्रोत्यांना हा बदल कळतही नसे.

आघात:
त्या प्रयोगासाठी सभागृहाचा घुमारा दोनदा येऊ नये म्हणून ध्वनिमुद्रण मोकळ्यावर केलेले होते, हे आपण सांगितले नाही. घरी आपण तशी मुद्रणे ऐकत नाही. १९७० मध्ये जेबीएल या कंपनीचा एल-१०० हा स्पीकर आला, तेव्हा रॉक ऐकणाऱ्यांना ड्रमचा ठोका अंगावर येणारा हवा होता आणि त्यापुढे एआर-३ ची पुढची आवृत्ती एआर-३ए मागच्या खोलीत वाजतोय असेच वाटे. शिवाय चार ओहम इतका कमी विद्युतरोध असलेला हा स्पीकर अशक्त अँप्लिफायरची दमछाक करतो, ते वेगळेच.

मंद्रसप्तक:
आपण कोणत्या अवस्थेतला एआर-३ए चा जोड ऐकलात, हे महत्त्वाचे आहे. पेटीच्या मागे मधल्या आणि वरच्या स्वरांची पातळी ठरवणारी दोन बटणे असतात. त्यांचे संपर्क गंजले की ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा भाग, जवळपास मुका होतो आणि ऐकणारा खापर मात्र व्हिल्चर यांच्यावर फोडतो.

आघात:
बटणे स्वच्छ केलेला जोडही मी ऐकला आहे. वरचे स्वर परत येतात हे मान्य, पण आवाजाचा सौम्य कल जात नाही, कारण तो मुद्दाम ठेवलेला आहे.

तिऱ्हाईत:
पत घसरण्याचे कारण दोघेही आवाजातच शोधत आहात. व्हिल्चर यांनी १९६७ मध्ये कंपनी टेलिडाइन या उद्योगसमूहाला विकली, तरी १९७८ चा भव्य एआर-९ हा स्पीकर टेलिडाइनच्याच काळातला आहे. पुढे मालक बदलत गेले, नाव किरकोळ केबलींवरही छापले गेले आणि नव्या ग्राहकाला एआर तेवढेच ठाऊक राहिले.