मदत हवी आहे: कोंबड्यांची पिसं जातायत, औषध सांगा

पडवीवाली
नमस्कार मंडळी. घरच्या कोंबड्यांची पिसं जातायत. आधी एकीची गेली, आता तिघींची. पाठ उघडी पडून लाल दिसतेय. अंडीही कमी झालीत. वाडीत विचारलं तर जो तो वेगळंच सांगतो. शनिवारी तालुक्याला जायचंय, तेव्हा दुकानातून काय आणू ते कृपया लवकर सांगा.

माळरान
ताई, जात कोणती? वय काय? एकूण किती? कोंबडा आहे का? खायला काय देता? आणि तिघींचीही पाठच उघडी आहे, की कुणाची मान, कुणाचं पोट, कुणाची शेपटीखालची जागा? हे कळल्याशिवाय औषध कसं सांगणार?

चुलीपाशी
औषधबिवध काही नको. खुराड्यात चुलीची राख पसरा, कडुलिंबाचा पाला टाका. आमच्याकडे आजीच्या काळापासून हेच चालतं, एकाही कोंबडीची पाठ उघडी पडलेली मी पाहिली नाही.

पडवीवाली
गावठी आहेत. दिवसभर परसात मोकळ्या असतात, रात्री खुराड्यात. खाणं नेहमीचंच. राखेत तर रोज लोळतात, तरी हे झालंय. कुणीतरी औषधाचं नाव सांगा ना.

माळरान
नेहमीचं म्हणजे? आणि कोंबड्याचं राहिलंच.

गोठेवाला
उवा-पिसवाच असणार, दुसरं काय. गुरांच्या गोचिडाला मारतो ते औषध पाण्यात मिसळून कोंबड्या त्यात बुचकळून काढा. दोन दिवसांत साफ. मी दरवर्षी करतो.

पशुसेविका
गोठेवाले दादा, असं सांगू नका हो. ते औषध गाई-म्हशीच्या अंगासाठी असतं. प्रमाण जरा चुकलं तर कोंबडी मान टाकते, आणि अंडी घरातली पोरं खातात. दुकानदाराच्या सांगण्यावरूनही नको. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा: कोंबडीला चालेल का, किती घालायचं, आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत. रॉकेल चोळण्याचा सल्लाही कुणी तरी देईल, तोही ऐकू नका. कातडी भाजते.

गोठेवाला
माझी एकही मेली नाही आजवर. अनुभवावरून सांगतोय, पुस्तकातून नाही.

पशुसेविका
मीही दारोदार फिरूनच सांगतेय. आणि मुळात उवा आहेत की नाहीत हेच अजून कुणी पाहिलेलं नाही.

पडवीवाली ताई, कोंबडी हातात घ्या आणि उघड्या जागेच्या कडेची पिसं नीट बघा. पिसाचा दांडा मधेच मोडलाय, कडा कुरतडल्यासारख्या आहेत, तर ते कुणीतरी मोडलंय: कोंबडा चढताना किंवा दुसरी कोंबडी टोचून. पीस मुळासकट गेलंय आणि त्या जागी टोकदार नवे कोंब फुटतायत, तर ती पिसं बदलण्याची वेळ. वर्षाची झालेली कोंबडी पावसाळा सरताना, दिवस लहान होऊ लागले की जुनी पिसं टाकते. डोकं-मानेपासून सुरू होतं, मग अंग, पंख, शेपूट. दोन-तीन महिने चालतं, त्या काळात अंडी बंद होतात किंवा फार कमी. हा आजार नाही, औषध लागत नाही.

उवा बघायच्या तर शेपटीखालची पिसं फाका. गव्हाळ रंगाचे किडे पळताना दिसतील, पिसाच्या बुडाशी पांढऱ्या लिखांचे पुंजके दिसतील. तांबड्या पिसवा मात्र दिवसा अंगावर सापडत नाहीत. त्या दांड्यांच्या खाचांत, फटींत दडतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा, बसायच्या दांडीच्या खालच्या अंगावर पांढरा कागद घासा. तांबडे डाग उमटले तर त्या आहेत.

शहरातला_शेतकरी
मध्येच विचारतो, गावठीपेक्षा कडकनाथ का नाही पाळत? झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. अंड्याला भावही चांगला.

माळरान
भाऊ, त्यांची पाठ उघडी पडलीय आणि तुम्ही जात बदलायला सांगताय. कडकनाथचीही पिसं झडतात. वेगळा धागा काढा.

चुलीपाशी
राखेचं मी पुन्हा सांगते. फक्त ती कोरडी हवी. पावसाळ्यात भिजलेल्या राखेत लोळून काही उपयोग नाही.

पशुसेविका
हे बरोबर. वर पत्रा हवा, आणि राखेबरोबर कोरडी मातीही.

पडवीवाली
काल रात्री बॅटरी घेऊन बघितलं. कागदावर काही उमटलं नाही. शेपटीखालीही किडा नाही, लिखा नाहीत. दोघींची पाठ आणि मानेमागचं गेलंय, पिसं मधेच मोडलीत. एकीच्या पाठीवर ओरखडेही आहेत. तिसरीची मान आणि छाती विरळ झालीय, तिथे काट्यांसारखे कोंब आहेत. तिनेच अंडी पूर्ण थांबवलीत. खाणं म्हणजे तांदळाच्या कण्या आणि उरलेला भात. कोंबड्या सात, कोंबडे दोन. दुसरा औंदाचाच, आता आरवायला लागलाय.

माळरान
सातांना दोन कोंबडे! हेच पहिल्या दिवसापासून विचारत होतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. दोघांत चढाओढ लागते आणि ज्या कोंबड्या लगेच बसतात त्यांच्यावरच सारखे चढतात. म्हणून दोघींचीच पाठ गेलीय, बाकीच्या धड आहेत. एक कोंबडा काढा.

गोठेवाला
दोन्ही ठेवायचे असतील तर एकाला दिवसभर डालग्याखाली झाका, आलटून पालटून. आणि पायाच्या काट्याचं टोक कानसीने बोथट करा. अगदी टोकच, आत रक्तवाहिनी असते.

पशुसेविका
हा सल्ला मात्र चांगला दिलात दादा.

ताई, ओरखडेवालीला आजच वेगळी ठेवा. लाल जागा दिसली की बाकीच्या तिथेच टोचत राहतात आणि जखम वाढते. मिठाच्या कोमट पाण्याने पुसून खोबरेल तेलात हळद लावा. सुकल्यावर पाठीवर जाड सुती कापडाची झूल बांधता येते, पंखांखालून नाडी घेऊन. पंख मोकळे फिरायला हवेत.

तिसरीचं खाणं सुधारा. पीस बहुतेक सगळं प्रथिनांचंच असतं, आणि कण्यांत प्रथिनं शंभरात सात-आठ. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा-अठरा लागतात. कण्या बंद करू नका, त्यात शेंगदाण्याची पेंड आणि सुकट कुटून घाला. पेंड बुरशी आलेली नको. सुकट खारवलेली असेल तर धुऊन वाळवून, थोडीच. नव्या कोंबांत रक्त असतं, दुखतं, म्हणून तिला उगाच हाताळू नका.

वाडीतला_पाहुणा
आमच्या कोंबड्या मुंगूस नेतं. त्याला काय करावं?

पडवीवाली
लहान कोंबडा भावाकडे देतेय, त्याच्याकडे कोंबडाच नाही. ओरखडेवाली पडवीत डालग्याखाली ठेवलीय, खातेय व्यवस्थित. म्हणजे शनिवारी फक्त पेंडच आणायची ना? आणि मोडलेली पिसं परत कधी येणार?

पशुसेविका
हो, पेंडच. मोडलेल्या पिसाचा खुंट आत असेपर्यंत तिथे नवं पीस फुटत नाही. त्या दोघी पिसं बदलतील तेव्हाच पाठ भरेल. खुंट उपटू नका. मुळासकट गेलेल्या जागी मात्र आधी येईल. आणि कागद पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा घासून बघा.