म्हणे 'एन्चांटेड' मुलींना दाखवू नका!

बार्देशकरीण:
काल फोंड्याच्या बापाने इथे लिहिलं, "लेकीबरोबर 'एन्चांटेड' बघितला. गोडमिट्ट कचरा. राजपुत्र येणार, चुंबन घेणार, सगळं ठीक होणार, हेच शिकवायचं का पोरींना? आईबापांनो, दाखवू नका." खाली अंगठ्यांची रांग. मी तिथेच चार ओळी लिहायला बसले, त्या मावेनात, म्हणून वेगळा धागा.

बाबा रे, तू सिनेमा बघितलास की मध्येमध्ये फोन? तू ज्या गोष्टीवर चिडलास त्याच गोष्टीची हा डिस्नेचा सिनेमा पहिल्या दहा मिनिटांत टर उडवतो. अँडेलेशिया नावाचं परीकथेतलं राज्य, हाताने काढलेली चित्रं, नायिका जिझेल जंगलात गाते काय, राजपुत्र एडवर्ड घोड्यावरून सूर मिळवत येतो काय, आणि लगेच उद्या लग्न! हा बावळटपणा आहे हे सिनेमालाच ठाऊक आहे. म्हणून तर राणी नरिसा तिला विहिरीत ढकलते आणि ही घेरदार पांढरा झगा घालून टाइम्स स्क्वेअरच्या मॅनहोलमधून वर येते. भेटतो कोण, तर घटस्फोटाच्या केसेस लढणारा वकील रॉबर्ट. एका दिवसाच्या ओळखीवर लग्न कसं करतात गो, हे तुझंच वाक्य तो तिला विचारतो.

माझा सगळ्यात आवडता प्रसंग म्हणजे तिला आयुष्यात पहिल्यांदा राग येतो तो. रॉबर्टवर ओरडते, आणि ओरडता ओरडता तिला आनंद होतो की अरे, मी चिडले! जिझेल झालेल्या एमी अ‍ॅडम्सच्या जागी दुसरी कुणी असती तर तिथे हसं झालं असतं. ही बाई तीन-चार सेकंदांत भाबडी बाहुली ते माणूस असा प्रवास करून दाखवते, तोही एकदाही डोळा न मिचकावता. शेवटी राणी ड्रॅगन होऊन रॉबर्टला वूलवर्थ इमारतीच्या टोकावर नेते तेव्हा तलवार घेऊन वर कोण चढतं? जिझेल. राणीसुद्धा रॉबर्टला चिडवते की आता अबला तूच. यात पोरींनी वाईट काय शिकायचं ते तूच सांग.

फोंड्याचा बाप:
फोन नव्हतो बघत. उलट तुझ्यापेक्षा नीट बघितलाय.

रॉबर्ट मुलीला भेट म्हणून थोर स्त्रियांचं पुस्तक देतो. मेरी क्युरी, रोझा पार्क्स. पोरीचं तोंड उतरतं आणि आपण हसायचं, की काय हा कोरडा बाप! तो कोरडा बाप मी आहे. मी पण पुस्तकंच देतो. शेवटी पोरगी जिझेलच्या मदतीला काय घेऊन येते? संकटकाळासाठी ठेवलेलं बापाचं क्रेडिट कार्ड. मग दुकानं, केस, बूट, झगा. म्हणजे परीराणीची कांडी गेली आणि तिथे बँक आली. यालाच तुम्ही टर म्हणता?

आणि ती नॅन्सी. पाच वर्षं त्या रॉबर्टबरोबर आहे, शहाणी आहे, स्वतःचं काम आहे. तिला बाजूला केलं, कारण नायकाला नवी सापडली. वर तिची समजूत कशी काढली? एडवर्डने तिच्या पायात बूट घातला, ती भुयारात उडी मारून निघून गेली, लगेच लग्न. पाऊण तासाच्या ओळखीवर! सिनेमाभर ज्याची थट्टा केली तेच शेवटी विकलं. तलवार दाखवून पोरीला फसवता येईल, मला नाही.

डिचोलीचा:
तुम्ही दोघं गाणी सोडून बाकी सगळं बघता. अ‍ॅलन मेंकनचं संगीत आहे, 'लिटल मर्मेड'वाला. एकाच सिनेमाची तीन गाणी ऑस्करच्या नामांकनात, आणि पुरस्कार गेला भलत्याच सिनेमाला. मते फुटली असणार, दुसरं काय. सेंट्रल पार्कमधल्या गाण्यात रॉबर्ट विचारत राहतो की या सगळ्यांना हे गाणं येतं कसं? आम्ही जत्रेच्या नाटकात पेटी वाजवणारी माणसं. नायक मरता मरता दोन पदं म्हणतो, प्रेक्षक वन्स मोअर देतात, तो उठून तिसऱ्यांदा म्हणतो आणि मग मरतो. मंगेशीच्या दीनानाथांची परंपरा आहे ही. रस्त्यात माणसं का गातात, हा प्रश्न फक्त ज्यांनी नाटक बघितलं नाही त्यांना पडतो.

माझी तक्रार एकच. नॅन्सीच्या कामासाठी इडिना मेन्झेलला घेतलं आणि एक ओळ गाऊ दिली नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरची एवढी गायिका, आणि पडद्यावर नुसती मान हलवते!

सांकासूर:
जिझेल खिडकीत गाते आणि उंदीर, कबुतरं, झुरळं येऊन घर लख्ख करतात. जुलैत पणजीतल्या माझ्या खोलीत मी गाऊन बघितलं. झुरळं आली. झाडू कुणी घेतला नाही.

नोटरीबाई:
बापाचा नॅन्सीचा मुद्दा बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं. खरी गडबड अशी की या सिनेमात कुणीही कुठेही सही करत नाही. रॉबर्ट एवढा वकील, पण त्याच्याच घरात कागद नाही. नॅन्सी-एडवर्डचं लग्न आपल्याकडे गोव्यात झालं असतं तर मी पहिली विचारणा केली असती की दुसरी सही झाली का?

हसू नका. मडगावात माझ्यासमोर दर महिन्याला कुणीतरी बसतं ज्यांना वाटतं पहिली सही म्हणजे लग्न. पहिली सही म्हणजे आम्ही लग्न करू इच्छितो एवढंच. नोटीस लागते, आक्षेप आला नाही तर दुसरी सही, आणि ती झाल्यावर कायद्याने नवरा-बायको. हॉलमध्ये सातशे माणसं जेवून गेली, होम झाला, फोटो झाले, तरी नाही. आणि लग्नाआधी करार केला नसेल तर सगळी मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. १८६७ची पोर्तुगीज संहिता आहे, आजही चालू. रॉबर्टच्या ऑफिसात ते जोडपं बेसबॉल खेळाडूच्या कार्डावरून भांडतं ना? इथे भांडायला नको. अर्धं तुझं, अर्धं माझं.

बार्देशकरीण:
बाई, मी जिझेलबद्दल लिहिलं होतं. सिव्हिल रजिस्ट्रार कुठून आला?

ताळगावचं वांगं:
नाही नाही, येऊ दे. नोटरीबाई बोलतात ते खरंच आहे. माझ्या मामेबहिणीची पहिली सही झाली. मुलगा बोटीवर. साखरपुडा थाटात, हॉल बुक, आईने गणेशचवथीला जावयाची ओज, म्हणजे सणाची भेट, पाठवली. दुसऱ्या सहीची तारीख आली की त्याचं जहाज कुठेतरी असायचं. शेवटी कळलं त्याला करायचीच नव्हती. ती बसली सुनेसारखी सासरच्या देवघरात दिवे लावत. लोक म्हणतात, लग्न झालंय ना, आता सोडायचं कसं? झालेलं नव्हतंच!

एडवर्ड निदान स्वतः न्यूयॉर्कला आला शोधत. बसवर चढून तलवार खुपसली, पण आला.

कुळागर:
अर्धं-अर्धं! कागदावर. नोटरीबाई, तुमच्या त्या संहितेत सामाईक मालमत्तेचा कारभार कुणाकडे ते पण सांगा की. नवऱ्याकडे. बायकोच्या सहीशिवाय जमीन विकता येत नाही, हे खरं. पण सही घेतात कशी ते तुम्ही बघितलंय का? "अगो इथे कर गो, बँकेचं आहे." चहा ठेवता ठेवता बाई सही करते.

आणि माहेरचं वेगळंच. कायद्याने मुलीचा वाटा मुलाएवढा. बाहेरची माणसं येऊन आपल्या कायद्याचं गुणगान गाऊन जातात. माझ्या लग्नानंतर पहिल्या चवथीला मला जेवायला बोलावलं, दुपारी भाऊ म्हणाला जरा ऑफिसात जाऊन येऊ. हक्कसोडीचा दस्त तयार होता. मी सही केली. सगळ्याच बहिणी करतात. बागायत, विहीर, पोफळी, सगळं गेलं, आणि येताना मला नारळ दिले. तेव्हा मला परीकथा खोट्या असतात हे सिनेमाने शिकवायची गरज नाही.

नोटरीबाई:
कारभार नवऱ्याकडे, होय, तशी तरतूद आहे. पण तुमच्या भावाने जे केलं ते कायद्याने केलं नाही, तुमच्या सहीने केलं. मी माझ्या टेबलावर प्रत्येक बाईला वाचून दाखवते आणि विचारते, कळलं का? मान हलवतात. मी आणखी काय करू?

कुळागर:
त्यांच्या नवऱ्याला आणि भावाला खोलीबाहेर काढा. हे करू शकता.

नोटरीबाई:
काढते. म्हणून तर मला घरं फोडणारी म्हणतात. तुम्ही तुमच्या रागाला माझा पत्ता देऊ नका.

फोंड्याचा बाप:
बघा! हेच म्हणत होतो. खरी बाई दस्तावर सही करते आणि पडद्यावरची पडदे कापून झगे शिवते. एवढं सगळं असताना पोरींना कुठला धडा देता?

बार्देशकरीण:
कुळागर, तुमचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण बापा, तू त्यांच्या दुःखावर उभा राहून स्वतःचा मुद्दा जिंकू नकोस. त्यांनी सिनेमाला नाही, भावाला दोष दिलाय. कुठली तरी जिझेल बघितली म्हणून कुणी हक्क सोडत नाही. "भावाशी वाकडं नको," हे आईकडून ऐकून सोडतं. त्या वाक्याचा सिनेमा अजून कुणी काढलेला नाही.

आणि पडदे कापणाऱ्या बाईने शेवटी काय केलं ते सोयीने विसरलास. स्वतःचं कपड्यांचं दुकान काढलं. धंदा. तुझ्या मेरी क्युरीइतका थोर नसेल, पण स्वतःचा आहे.

फोंड्याचा बाप:
दुकानाला भांडवल कुणी दिलं ते सिनेमा सांगत नाही. मॅनहॅटनमध्ये! इथे म्हापशात गाळा घेऊन दाखव.

सांकासूर:
सामाईक मालमत्ता. अर्धा रॉबर्टचा फ्लॅट गहाण.

डिचोलीचा:
रॉबर्टच्या ऑफिसातली सेक्रेटरी आठवते का? ती नटी जोडी बेन्सन, 'लिटल मर्मेड'मधल्या एरिअलचा आवाज. टीव्हीवरच्या मालिकेत दिसते ती पेज ओहारा, 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधल्या बेलचा आवाज. दारात पोरं घेऊन उभी राहते ती जुडी कुन, 'पोकाहॉन्टस' सिनेमात नायिकेची गाणी गाणारी. निवेदन ज्युली अँड्र्यूज. ज्या बायकांनी आयुष्यभर राजकन्यांना आवाज दिला त्यांना डिस्नेने साध्या न्यूयॉर्कवाल्या करून बसवलं. हा विनोद ज्याला कळला त्याला बाकीचं समजावायला लागत नाही. तुम्ही आपले गाळ्याचं भाडं काढा.

ताळगावचं वांगं:
पेटीमास्तर, तुम्ही सिनेमा बघता की हजेरी घेता?

डिचोलीचा:
हजेरी घेतो म्हणून सूर सापडतो. तुमच्या त्या बोटीवाल्याची घेतली असती तर बहीण वाचली असती.

ताळगावचं वांगं:
हे बोलायची गरज नव्हती. ती अजून आमच्याकडे राहते. रविवारी हाच सिनेमा लावते, तो बॉलरूममधला नाच आला की स्वयंपाकघरात जाते आणि ड्रॅगन आला की परत येते. तुमचा सूर तुमच्याकडे ठेवा.

डिचोलीचा:
बरं. ते वाक्य परत घेतो. मेन्झेलबद्दलचं नाही.

कुळागर:
वांगं, तिला सांगा दुसरी सही झाली नाही हे चांगलं झालं. माझ्यासारख्या पुढे सगळ्या सह्या करत सुटलेल्या खूप आहेत.

नोटरीबाई, तुमच्यावर राग काढला. काढायलाच हवा होता असं अजूनही वाटतं, फक्त माणूस तुम्ही नव्हता.

नोटरीबाई:
चालेल. दस्ताची प्रत घरी असेल तर शोधून ठेवा. सही फसवून घेतली असेल तर त्याला आव्हान देता येतं, किती वर्षं झाली त्यावर आहे. इथे तारीख लिहू नका.

फोंड्याचा बाप:
एक कबूल करतो, कारण लेक बाजूला बसून वाचतेय. ड्रॅगनचा भाग तिने पुन्हा लावायला सांगितला, पुन्हापुन्हा. आणि तलवार मागितली. मी काल राजपुत्राचं लिहिलं, तलवारीचं लिहिलं नाही. पण नॅन्सीवर मी हलणार नाही.

बार्देशकरीण:
नॅन्सीचा मुद्दा घे, फ्रेम करून बैठकीत लाव. तिच्यावर अन्याय झालाच आहे, एवढी वर्षं थांबून तिला काय मिळालं, तर लग्नात वाजलेला फोन आपटून फोडायची संधी. पण तू तिची बाजू घेतोस ती जिझेलला हाणायला, नॅन्सीसाठी नाही.

फोंड्याचा बाप:
दोन्हीसाठी घेता येते. बरं, दुसरा भाग आलाय ना? लेक मागतेय. दाखवू का?

बार्देशकरीण:
२०२२ चा 'डिसएन्चांटेड'? अजिबात नको. जिझेललाच दुष्ट सावत्र आई करून टाकलंय. तो मात्र खरा कचरा, त्यावर तू धागा काढ, मी पहिला अंगठा देते.

डिचोलीचा:
थांबा! त्यात मेन्झेल गाते. शेवटी एकदाचं तिला गाणं दिलंय, भरगच्च, आणि तुम्ही कचरा म्हणता?

सांकासूर:
काढा वेगळा धागा. नोटरीबाईंना आधी बोलवा.